चौदा नंबरचा पलंग

मुलींचे वसतिगृह, नागपूर
१८ जुलै २०२४

आदरणीय आई आणि बाबा,

जयभीम. रविवारी आषाढी पौर्णिमा, विहारात माझं पत्र वाचायचा दिवस, म्हणून आज गुरुवारीच टाकते आहे. मागच्या महिन्यात उशीर झाला आणि विहारात बाबांना सगळ्यांसमोर "मोनालीचं पत्र रस्त्यात आहे" असं सांगावं लागलं, त्याची अजून लाज वाटते.

मैत्रिणी हसतात. म्हणतात, तुझे शिष्यवृत्तीचे आई-बाबा याच शहरात, सिटी बसनं अर्धा तास, आणि तू पत्रं काय लिहितेस? मी सांगते, आमच्या बाबांनी एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली आहेत. पोस्टाचा शिक्का नसलेली गोष्ट ते खरी धरत नाहीत.

नर्सिंगचं चौथं वर्ष सुरू झालं. पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात ड्युटी लागली, आणि तिथल्या इंचार्ज सिस्टर कोण असतील? आपल्या भावनाताई! तुम्ही शिकवलेली पहिली मुलगी आणि अठरावी मुलगी एकाच वॉर्डात. ताईंनी पहिल्याच दिवशी कान धरला. "ए संत्रे, केस बांध नीट." मी संत्र्यांच्या काटोलची, म्हणून संत्रे. पण डबा खाताना अर्धी पोळी माझ्याकडे सरकवतात.

वॉर्डात अडतीस पेशंट आणि सिस्टर दोन, म्हणून आम्हा विद्यार्थिनींना भरपूर शिकायला मिळतं. आई, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पलंगाले नंबर असते, माणसाले नाव असते. आधी नाव विचारजो." ते मी विसरत नाही.

आईंच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? यंदा ऑपरेशन करूनच टाका.

तुमची,
मोनाली

---

इंदोरा, नागपूर
२३ जुलै २०२४

चि. मोनाली,

जयभीम. तुझे पत्र शनिवारी दुपारच्या टपालात मिळाले. वंदनेनंतर विहाराच्या अंगणात वाचले. माणसे पावसामुळे कमी होती, पण अडतीस पेशंट आणि दोन सिस्टर या वाक्यावर बायकांनी 'अव माय' केले. पहिली आणि अठरावी एकाच वॉर्डात हे ऐकून तुझ्या आईने डोळ्याला पदर लावला. शेजारचे रामाजी म्हणाले, गोपाळराव, तुमचे झाड फळाला आले. मी म्हटले, झाड मीराबाईचे आहे, मी फक्त पाणी घालतो.

अक्षर चांगले आहे. पोस्टाच्या शिक्क्याबद्दल थट्टा केलीस तीही वाचून दाखवली, लोक हसले. मी एकतीस वर्षांत कोणाचे पत्र अडवले नाही, मग ते मयताचे असो की कोर्टाचे. त्याचाच मला अभिमान आहे, दुसरे काही माझ्याजवळ नाही.

कार्तिकी पौर्णिमेला आपल्या शिष्यवृत्तीला वीस वर्षे होतात. मोठा कार्यक्रम करायचे ठरले आहे. भावना आणि तू दोघींनी व्यासपीठावर बसायचे. शामला सिस्टरची गोष्ट त्या दिवशी तुझ्या तोंडून लोकांना ऐकवायची आहे. मी दरवर्षी सांगतो, पण मुलीने सांगितलेली वेगळी लागते. तुझी आई बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. गरम पाण्याच्या पिशवीने एका बाळाचा पाय भाजला. सगळे आयेवर घसरले. तिची नोकरी जाणार, तेवढ्यात शामला सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिशवी मी ठेवली. मीराची चूक नाही, माझी." त्या एका वाक्यापायी ही शिष्यवृत्ती आहे, हे विसरू नकोस.

आई सांगते ते जसेच्या तसे लिहितो: "मोतीबिंदू पिकू दे, दिवाईच्या आंधी करतो म्हनते डाक्टर. तवरोक हे वाचतात, मी आयकतो. तू जेवत जाय वं."

तुझा,
गोपाळराव

---

वसतिगृह
१६ ऑगस्ट २०२४

आदरणीय आई आणि बाबा,

जयभीम. मी बरी आहे. अभ्यास ठीक चालू आहे. या महिन्यात विशेष काही घडलं नाही, म्हणून पत्र लहान आहे. भावनाताई सध्या रजेवर आहेत. वॉर्डात नवीन सिस्टर आल्या आहेत.

पाऊस खूप आहे. दोघांनी प्रकृतीला जपावं.

मोनाली

---

इंदोरा
२६ ऑगस्ट २०२४

चि. मोनाली,

तुझे पत्र विहारात वाचले. चार ओळी होत्या, मी वाचून घडी करेपर्यंत लोक वाट पाहत बसले. म्हटले पोरगी दमली असेल.

आता दुसरे ऐक. परवा रामाजी घरी आले. त्यांचा पुतण्या तुमच्या हॉस्पिटलात लिफ्टवर आहे. तो म्हणतो, भावना रजेवर नाही, निलंबित आहे. पाच ऑगस्टला दुपारच्या ड्युटीत तिने चौदा नंबरच्या पलंगावरच्या माणसाला भलतेच इंजेक्शन दिले. माणूस दोन दिवस आयसीयूत होता. चौकशी बसली आहे.

मी हे तुझ्या आईला सांगायला नको होते, पण सांगितले. ती दोन दिवस नीट जेवली नाही. काल रविवारी भावना स्वतः दाराशी आली. तुझी आई आतून म्हणाली, "काय झालं ते सांग." भावना म्हणाली, "आई, चूक माझी आहे, दुसरं काही नका विचारू." तुझ्या आईने दार उघडले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा ती पोरगी आमच्या दारातून पाणी न पिता गेली. मी खिडकीतून पाहत होतो. छत्री असून उघडली नव्हती.

भिंतीवरचा तिचा फोटो मी काढून ठेवला. तुझ्या आईला दिसत नाही, पण मला दिसतो ना.

तू त्या वॉर्डात होतीस. मला 'रजेवर' असे का लिहिलेस? जे खरे असेल ते कळव. आम्हाला अंधारात ठेवू नकोस.

गोपाळराव

---

(पाकिटावर: फक्त आई-बाबांसाठी. विहारात वाचू नये.)

वसतिगृह
३० ऑगस्ट २०२४

आई, बाबा,

चार वेळा लिहून फाडलं. विहारातल्यासारखं चांगलं लिहाले गेली का खोटंच उतरते. म्हणून घरी बोलतो तसं लिहून राहिली. माफ करा.

ते इंजेक्शन भावनाताईनं नाही दिलं. मी दिलं.

पंधरा नंबरवर एक शुगरचे काका होते, त्यायले जेवणाच्या आधी इन्सुलिन लागे. चौदा नंबरवर नत्थूजी, कन्हानचे, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, छातीच्या आजारासाठी भरती. त्यायले शुगर नाही. त्या दिवशी सकाळी पंधरा नंबरवरचा पंखा बंद पडला, म्हणून वॉर्डबॉयनं दोघायची अदलाबदल केली.  चौदाचे नत्थूजी पंधरावर, पंधराचे काका चौदावर, पण कागदावर नोंद कोणी केलीच नव्हती. मी दुपारी ड्युटीवर आली तेव्हा काका चौदावर गेले असं कोणीतरी बोललं, म्हणून मी चौदा धरला. पण पंखा सुधरला म्हणून ते दोघं मधातच परत आपापल्या पलंगावर गेले होते. तरीही काही बिघडलं नसतं, जर मी फक्त नाव विचारलं असतं. तोंडासमोर माणूस जागा होता. माझ्याकडे पाहून हसला. मी पलंगाचा नंबर पाहिला आणि जुन्या जागी परत आलेल्या नत्थूजीले, काका समजून, सुई दिली. 

ताईनं सांगितलं होतं, "संत्रे, मी येईपर्यंत थांब, इन्सुलिनले मी उभी राहीन." नातेवाईक घाई करून राहिले होते, जेवण आलं होतं. मी थांबली नाही. तासाभरानं नत्थूजी घामानं ओलेचिंब, बोलावलं तर ओ देत नाहीत. ताई धावल्या, त्यायनीच शुगर तपासली, सलाईनमधून साखर दिली. माणूस वाचला तो ताईमुळे.

कागदावर सही ताईची होती. अडतीस पेशंट असले का इंचार्ज सिस्टर राउंडच्या आधीच सह्या करून ठेवते, ही तिथली रोजची पद्धत. चौकशीत विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "इंजेक्शन मी दिलं. चूक माझी." मी मागं उभी होती. माझे पाय जागचे हालले नाहीत.

नंतर मी ताईच्या घरी गेली. त्या म्हणाल्या, "तू बोलली तर तुले काढून टाकतील. माझी नोकरीची सोळा वर्षं झाली, तुझी अजून सुरू व्हायची आहेत. शामला सिस्टर आयेसाठी उभी राहिली, मी तुझ्यासाठी राहिली. आता तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे."

पण मले रोज वाटते, जाऊन मेट्रनले सांगावं. नोव्हेंबरच्या शेवटी चौकशीचा निकाल आहे. ताईची नोकरी तर जाईलच, नर्सच्या नोंदणीतून नावही कापलं जाईल असं म्हणतात. सांगितलं तर माझं शिक्षण जाते, नाही सांगितलं तर ताई जाते. माझ्या आईले काटोलला हे कळलं तर ती बागेत संत्रं तोडता तोडता खाली बसेल.

बाबा, हे पत्र आईले वाचून दाखवा. त्यायनी वॉर्डात तेहतीस वर्षं काढली. आई जे म्हणतील ते मी करीन. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार.

मोनाली

---

इंदोरा
४ सप्टेंबर २०२४

चि. मोनाली,

पत्र मिळाले. तीनदा वाचले.

जे झाले ते झाले. माणूस वाचला आहे. भावनाने विचार करून जबाब दिला आहे, ती लहान नाही. आगाऊ सह्या करून ठेवल्या म्हणजे तिचीही चूक आहेच. आता तू जबाब बदललास तर तिच्यावर खोटे बोलल्याचा ठपका येईल आणि तुझेही नुकसान होईल. दोन मुली बुडण्यापेक्षा एक वाचलेली बरी. हा व्यवहार नाही, हे शहाणपण आहे.

तुझ्या आईला वाचून दाखवले.  ती म्हणाली, पोरीला सांगा, अभ्यास कर, शेवटचे वर्ष आहे. तिचेही मत माझ्यासारखेच पडले.

सध्या घरी येऊ नकोस. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे, रडणे-बिडणे चालणार नाही. या विषयावर पुन्हा लिहू नये. पौर्णिमेची पत्रे नेहमीसारखी येऊ दे, लोक विचारतात.

गोपाळराव

---

वसतिगृह
१० ऑक्टोबर २०२४

बाबा,

अश्विन पौर्णिमेचं विहारातलं पत्र सोबत वेगळ्या कागदावर आहे. दीक्षाभूमीवर आमच्या कॉलेजचा प्रथमोपचाराचा मंडप लागून राहिला, त्याबद्दल लिहिलं आहे. लोकांना आवडेल.

ही चिठ्ठी तुमच्यासाठी. तुम्ही नको म्हटलं तरी लिहिते, कारण काल जे झालं ते पोटात ठेवून मला झोप लागत नाही.

नत्थूजी तपासणीसाठी आले होते. सोबत सून होती. बोलताना त्यांना अजून शब्द सापडत नाहीत. 'पाणी' म्हणायला गेले की मध्येच थांबतात, सुनेकडे पाहतात. मला पाहून ओळखलं. म्हणाले, "तू चांगली पोट्टी आहे. ते भावना सिस्टर... ते... तिनं मले मारलं असतं. तिचे हात झडो." सुनेनं पिशवीतून संत्रं काढलं, ते त्यांनी स्वतः सोलून मला दिलं. मी खाल्लं, बाबा. समोर उभी राहून सगळ्या फोडी खाल्ल्या.

भावनाताई आता एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला त्यांच्या घरी कामाला जातात. रस्त्यात भेटल्या तर ओळख दाखवत नाहीत, माझ्याच भल्यासाठी.

आई असं म्हणाल्या यावर विश्वास बसत नाही. "अभ्यास कर" हे त्यांचे शब्द वाटत नाहीत. पण तुम्ही लिहिलं म्हणजे खरंच असणार, तुम्ही कोणाचं पत्र वाकडं वाचणार नाही. म्हणून गप्प आहे.

मोनाली

---

इंदोरा
२४ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,

तुझ्या आईचे ऑपरेशन सोमवारी झाले. डॉक्टर म्हणतात, डोळा उत्तम आहे. काळा चष्मा लावून ती आता भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचते आणि मी चुकीच्या तारखा सांगतो असे म्हणून माझ्यावर रागावते.

पंधरा नोव्हेंबरचा कार्यक्रम पक्का. शामला सिस्टरची गोष्ट पाठ करून ये. भावनाचा उल्लेख नको.

चिठ्ठीबद्दल काही लिहीत नाही.

गोपाळराव

---

इंदोरा
८ नोव्हेंबर २०२४

मोनाली,

हे मी मीराबाई लिवून राहिली. माह्या हातानं. पाचवी शिकली आहो मी, आनि तीस वर्सांत सहीच्या पुढं काही लिवलं नाही, तं अक्शराले हसू नको. दोन दिवस लागले मले हे पत्र लिवाले.

डोळा उघडला तं बाप्पा, घर केवढं घान! पयले जाळे काढले. मंग भिंत पायली. भावनाचा फोटो नाही, खिळा आहे. मी यायले, तुह्या बाबाले, काही बोल्ली नाही. मंग म्हटलं, पोरीइची पत्रं येवढे दिवस आयकली, आता आपल्या डोळ्यानं वाचतो. पत्र्याचा डबा काढला. पयलं भावनाचं, दोन हजार चारचं. बोट ठेवून ठेवून वाचत आली. काल तुह्या ऑगस्टपाशी आली.

आता तुह्या बाबाची अक्कल आयक. माह्यापासून पत्र लपवलं, पन कुठं? त्याच डब्यात. तारखेवार! सोळा ऑगस्टच्या मांगं, सप्टेंबरच्या आंधी. पत्र फाडाचं त्यायच्या हातानं होत नाही, आनि जागा चुकवाचंही होत नाही. आंधळ्या बायकोपासून कायले लपवा लागते, असं वाटलं असन.

मी ते वाचलं. मंग तुही दुसरी चिठ्ठी वाचली, संत्र्याची.

आयक पोरी. "अभ्यास कर" हे मी म्हटलं नाही. एक अक्शर म्हटलं नाही. मले कोनी इचारलंच नाही. मी त्या घरात होतो, चहा करून देत होतो, आनि माह्या नावानं तुले उत्तर गेलं. यायले मी काल लय बोल्ली. एकतीस वर्स कोनाचं पत्र अडवलं नाही म्हनून छाती काढून फिरता, आनि अडवलं तं बायकोचं? ते खाली मान घालून बसले. म्हने, कार्यक्रम होता, लोकं काय म्हनतील, वीस वर्सांचं नाव जाईन. म्हटलं, नाव कोनाचं? जिचं नाव होतं तिले तं तुमी भिंतीवरून काढलं.

आनि मी? मी तं दार नाही उघडलं. ते माहं माह्यापाशी. त्याचं कोनाले काय सांगू.

आज सकाळी भावनाच्या घरी गेल्ती. चष्मा लावून, रिक्षानं. तिनं पाहलं आनि रडाले लागली, मीही. मंग मी तिले रागवली. म्हटलं, तू कोन शामला सिस्टर? शामला सिस्टर म्हने, चूक माही, आनि ते खरं होतं. पिशवी तिनंच ठेवली होती. म्हनून ते वाक्य मोठं. तू म्हटलं, चूक माही, आनि ते खोटं. आगाऊ सह्या केल्या येवढी चूक तुही, ते सांग नं छातीवर हात ठेवून. बाकीची दुसऱ्याची उचलाचा तुले कोनी हक्क देल्ला? त्या पोट्टीले तू वाचवलं नाही, तिले तिच्याच नजरेतून उतरवलं. भावना म्हने, आई, मी तं तुमच्याकडूनच शिकली.  आपन गोष्ट सांगतो, लोकं टाळ्या वाजवतात, आनि पोरी त्याच्यातून काय उचलतात हे आपल्याले काय माहीत.

आता तुहं. तू म्हटलं, आई म्हनतीन ते करीन. तं मी सांगत नाही. मी सांगतलं आनि तू केलं तं ते माहं होईन. तुहं तुलेच करा लागते. मी येवढंच सांगतो, का तुही फीस बंद होनार नाही. तू बोल्ली तरी नाही, नाही बोल्ली तरी नाही. वर्स वाया गेलं तं पुढच्या वर्साची देईन. तुह्या मायले काटोलले सांगाले मी सोता जाईन. हे भेव मनातून काढून टाक आनि मंग इचार कर.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी मेट्रनच्या आफिसाबाहीर बाकड्यावर बसून राहीन. तू आली तं आली. नाही आली तं मी बाकड्यावर बसून घरी जाईन, कोनाले काही बोलनार नाही.

जेवत जाय.

मीराबाई

---

इंदोरा
९ नोव्हेंबर २०२४

चि. मोनाली,

तुझ्या आईचे पत्र मी कालच स्वतः स्पीड पोस्टाने टाकून आलो. उघडले नाही.

मी तुला खोटे लिहिले. तू आईकडे पाठवलेला प्रश्न मी मधेच उघडला आणि उत्तरही मीच लिहिले. खात्यात कोणी असे केले असते तर मी त्याला कामावर ठेवला नसता. कारणे पुष्कळ सांगता येतील, एकही चांगले नाही.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

गोपाळराव

---

वसतिगृह
१३ नोव्हेंबर २०२४

आई, बाबा,

जयभीम. हे पत्र कार्तिकी पुनवेले विहारात वाचाचं आहे. पूर्ण. आणि याच्या आधी माझं तीस ऑगस्टचं पत्रही वाचा. पाकिटावर मी 'वाचू नये' लिहिलं होतं, ते मी मागं घेतो.

सोमवारी मी साडेनऊलाच गेली. आई आधीच बाकड्यावर बसल्या होत्या, काळा चष्मा, मांडीवर डबा. मले पाहून बाजूले जागा केली. आतमध्ये मेट्रन मॅडमनं विचारलं, या कोण? आई म्हणाल्या, "मी आया. रिटायर." आणि उभ्याच राहिल्या.

मी म्हटलं, "इंजेक्शन मी दिलं. नाव विचारलं नाही. चूक भावनाताईची नाही, माझी." एवढं बोलायले मले अठ्ठ्याण्णव दिवस लागले, आणि बोलून झालं तेव्हा घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

गोड काही झालं नाही. मले या वर्षीच्या परीक्षेला बसू देणार नाहीत. पुढचं समिती ठरवेल, काढूनही टाकू शकतात. भावनाताईवर आगाऊ सह्यांचा आणि खोट्या जबाबाचा ठपका राहणारच, फक्त नाव कापण्याचं थांबलं असं मॅडम म्हणाल्या. ताई बाहेर मले भेटल्या. म्हणाल्या, "काहून बोलली वं संत्रे?" आणि माझा कान धरला, आणि सोडलाच नाही किती वेळ.

काल मी एकटी कन्हानले गेली. नत्थूजी अंगणात बसले होते. त्यायले सगळं सांगितलं. सून भांडाले उठली, त्यायनं हात करून थांबवलं.  मग अडखळत म्हणाले, "मग मी... तीन महिने त्या बाईले शिव्या देल्या. त्याचं काय?"  माफ केलं असं ते बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "पोट्टे, तुहं नाव काय?"

पाच ऑगस्टले मी त्यायले एवढंच विचारलं असतं.

मी सांगितलं, मोनाली.

कार्यक्रमाले मी येईन, पण व्यासपीठावर नाही बसणार.

मोनाली

---

इंदोरा
१६ नोव्हेंबर २०२४

मोनाली,

तू मांगच्या दाराजवळ उभी होती आनि मधातच निंगून गेली, म्हनून लिवतो. पुढचं तुले कोन सांगन?

मंडप भरला होता. हे उभे राहिले आनि म्हने, "आज एक पत्र उशिरा पोचवतो आहे. अडीच महिने माझ्याजवळ अडकलं होतं. अडकवलं मी." रामाजी तोंड उघडं ठेवून पाहून राहिले. मंग यायनं तुहं ऑगस्टचं पत्र वाचाले घेतलं. तोवर तू होती. इंजेक्शनचं वाचलं, सह्याइचं वाचलं. शेवटाले आले, "बाबा, हे पत्र आईले वाचून दाखवा," आनि तिथंच थांबले.  

मी उठली, कागद घेतला. चार मानसाइत मी कधी वाचलं नाही, तुले माहीत आहे. बोट ठेवून वाचलं, एकेक अक्शर. लोकं थांबले.  उरलं तेवढं वाचलं, आनि मंग तुहं तेरा तारखेचं पत्रही मीच वाचलं, शेवटच्या नावापर्यंत.

टाळ्या नाही पडल्या. दोन बाया उठून गेल्या, म्हनाल्या, अशा पोट्टीइले कायले शिकवता. जाऊ दे त्यायले. भावना मांगच्या रांगेत होती. मंग समोर आली आनि माह्या पायापाशी खाली बसली. खुर्ची देल्ली तं घेतली नाही.

घरी येऊन यायनं भावनाचा फोटो खिळ्याले लावला. वाकडा लागला. म्हटलं राहू द्या.

समितीचं काय होते ते होवो. पुढची पुनव पंधरा डिसेंबरले आहे. पत्र टाकजो. चांगलं नसलं तरी टाकजो, आता मी सोता वाचतो.

मीराबाई